कानाचा पडदा फाटलेला नाही, मग डॉक्टर पुन्हा पुन्हा का बोलावतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६. वर्षभरापासून उजव्या कानाला अधूनमधून दडे बसतात. दुखत नाही, वाहत नाही, ऐकूही जवळपास नीट येतं. तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहून सांगितलं, की पडद्याला छिद्र नाही, पण वरच्या बाजूला तो आत ओढला गेलाय; दर सहा महिन्यांनी दाखवून जा. औषध नाही, ऑपरेशन नाही. मग हे नुसतं बघत राहायचं कशासाठी? आणि पडदा ओढला गेलाच, तर नेमका वरच का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पडदा वरच का ओढला जातो हे नीट समजलं, की सहा महिन्यांच्या फेऱ्यांचं कारण मला वेगळं सांगावं लागणार नाही.

मुळात 'पडदा' या शब्दानं घोळ होतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ढोलावर ताणलेलं कातडं येतं. सगळीकडे सारखं जाड, सारखं ताठ, आणि फाटलं तरच बिघडलं. कानाचा पडदा तसा नसतो. त्याचा व्यास साधारण ९ ते १० मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास, वहीच्या कागदाइतकी. तो सपाट नसून मधोमध आत खोलगट असतो, पसरट नरसाळ्यासारखा. आणि कानाच्या नळीत तो सरळ उभाही नसतो. तिरका बसलेला असतो: वरची-मागची कड आपल्या बाजूला, खालची-पुढची कड दूर आत. नवजात बाळात तर तो इतका आडवा असतो, की नवख्या डॉक्टरला बाळाचा पडदा धड दिसतच नाही.

या कागदाइतक्या जाडीत तीन थर असतात. बाहेरचा थर त्वचेचा. कानाच्या नळीची कातडी तशीच पुढे पडद्यावर आलेली असते. आतला थर मध्यकर्णाच्या, म्हणजे पडद्यामागच्या हवेच्या पोकळीच्या, ओलसर श्लेष्मल अस्तराचा. आणि या दोहोंच्या मध्ये तंतूंचा थर. पडद्याची सगळी ताकद या मधल्या थरात आहे. त्यातले काही तंतू हातोडीच्या दांड्यापासून कडेकडे जातात, काही कडेला समांतर गोल फिरतात. कोळ्याच्या जाळ्यात आरे आणि कडी असतात, तशीच ही वीण. हातोडी म्हणजे मध्यकर्णातलं पहिलं हाड. तिचा दांडा पडद्यातच रुतलेला असतो. तिच्यामागे ऐरण आणि मग रिकीब, अशी तीन हाडांची साखळी आवाज अंतर्कर्णापर्यंत पोचवते. पडद्याचा प्रत्यक्ष कंप पावणारा भाग साधारण ५५ चौरस मिलिमीटर, तर रिकिबीचा तळवा फक्त ३.२ चौरस मिलिमीटर. मोठ्या पृष्ठभागावर गोळा झालेला दाब छोट्या तळव्यावर येतो आणि नुसत्या या फरकानं सतरापट वाढतो. हवेतल्या आवाजानं अंतर्कर्णातला द्रव हलवायचा, तर एवढी वाढ लागतेच. त्यासाठी पडदा हलका हवा आणि ताठही हवा, आणि हा ताठपणा मधल्या थराच्या विणीतून येतो.

चाळणीचं कापड लाकडी कड्यात बसवतात, तशी पडद्याची कड कूर्चेसारख्या चिवट तंतूंच्या कड्यात असते आणि ते कडं हाडातल्या खाचेत घट्ट बसलेलं असतं. फक्त हे कडं पूर्ण गोल नसतं. वरच्या टोकाला, घड्याळात बारा वाजतात त्या जागी, ते तुटक असतं. या खिंडीत पडद्याचा एक छोटा तिकोनी तुकडा असतो. त्याला कड्याचा आधार नाही आणि त्याच्या मधल्या थरात ती शिस्तबद्ध वीणही नाही. तंतू आहेत, पण विस्कळीत, सैल, लवचिक. खालच्या मोठ्या ताठ भागाला पार्स टेन्सा म्हणतात, या वरच्या सैल तुकड्याला पार्स फ्लॅसिडा. हेन्री जोन्स श्रॅपनेल यांनी १८३२ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून जुने लोक त्याला श्रॅपनेलचा पडदा म्हणतात. विद्यार्थ्यांना एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो: हा तुकडा सैल असतो म्हणजे पातळ असतो असं नाही. मोजला तर तो पार्स टेन्सापेक्षा जाडही निघतो. जाड घोंगडी ओढली की झोळ पडतो, पातळ पण ताणलेलं कापड तसंच राहतं. फरक जाडीचा नाही, विणीचा आणि ताणाचा आहे.

आता प्रश्न येतो, आत ओढतं कोण?

पडद्याच्या मागे मध्यकर्णाची पोकळी आहे, जेमतेम मिलिलिटरभर हवेची. ही हवा तिथे कायमची कोंडलेली नसते. पोकळीचं अस्तर त्यातले वायू हळूहळू रक्तात शोषत असतं, त्यामुळे आतला दाब सतत किंचित घटत असतो. ती तूट भरून काढते नाकाच्या मागच्या भागापासून कानापर्यंत जाणारी नळी, युस्टेशियन ट्यूब. मोठ्या माणसात ती साधारण ३६ मिलिमीटर लांब असते. ती एरवी मिटलेली असते आणि गिळताना किंवा जांभई देताना टाळूचा एक स्नायू तिला क्षणभर उघडतो. तेवढ्यात हवेचा घोट आत जातो. दिवसभर आपल्या नकळत हे चालू असतं.

सर्दी झाली, नाकात ॲलर्जीची सूज असली, मुलांमध्ये नाकामागची ॲडेनॉइडची गाठ वाढली, की ही नळी वेळेवर उघडत नाही. लहान मुलांची नळी आखूड, जवळजवळ आडवी आणि पिचपिचीत असते, म्हणून त्यांना हा त्रास जास्त. दुभंगलेल्या टाळूच्या बाळांमध्ये तर नळी उघडणारा स्नायूच नीट जोडलेला नसतो. त्यांच्या कानात पाणी साठणं हा नियमच म्हणायचा. नळी बंद राहिली, की अस्तर वायू शोषत राहतं, भरपाई होत नाही आणि आत दाब कमी पडतो. बाहेरची हवा पडद्याला आत रेटते. विमान उतरताना कानाला दडे बसतात, तेव्हा हेच काही मिनिटांत घडतं. आजारात ते महिनोन्‌महिने चालतं.

एवढा काळ रेटा लागला, की जिथे वीण नाही तिथे पडदा झुकणार. तो सर्वांत आधी पार्स फ्लॅसिडाशी झुकतो, याचं पहिलं कारण हे. दुसरं कारण जागेचं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. पार्स फ्लॅसिडाच्या मागे, ती आणि हातोडीची मान यांच्यामध्ये, एक अगदी चिंचोळी फट आहे. तिला प्रुसॅकची जागा म्हणतात. तिच्या वर मध्यकर्णाचा पोटमाळा, म्हणजे अ‍ॅटिक. हातोडीचं डोकं आणि ऐरणीचं धड तिथे असतं. खालच्या मोकळ्या दालनातून या पोटमाळ्यापर्यंत हवा जायला वाटा आहेत, पण त्या हाडं, त्यांचे बंध आणि अस्तराच्या घड्या यांच्यामधून वळसे घेत जातात. अस्तराला थोडी सूज आली, चिकट स्राव साठला, की त्या बुजतात. मग खाली हवा व्यवस्थित खेळत असते आणि वरचा कोपरा मात्र कोंडलेला राहतो. खालचा पडदा ठणठणीत, नळीही आता ठीक, तरी वरचा सैल तुकडा ओढलेला, असं चित्र आम्हाला वारंवार दिसतं ते यामुळे. हवेच्या दाबाची चाचणी, टिंपॅनोमेट्री, अशा वेळी साफ नॉर्मल येऊ शकते. ती मुख्यतः खालच्या मोठ्या भागाबद्दल बोलते. हातात नॉर्मल आलेख आहे म्हणून पोटमाळा ठीक आहे असं धरून चालू नका. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत एकदा तसा फसलो आहे. त्या रुग्णाचं सगळं चांगलं होतं, फक्त बारा वाजताच्या जागी एक छोटी तपकिरी खपली होती. मी ती मळ समजलो. सहा महिन्यांनी ती खपली काढली, तेव्हा खाली हाड खाल्लेलं होतं.

त्या खपलीबद्दल सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाची मेख तिथे आहे.

पडद्याच्या बाहेरची त्वचा अंगावरच्या इतर त्वचेसारखी नाही. अंगावरच्या मेलेल्या पेशी घासून, धुवून निघून जातात. दोन-अडीच सेंटिमीटर आत, बंद बोगद्याच्या टोकाला, कोण घासणार? म्हणून ही त्वचा चालते. पडद्याच्या मध्यापासून कडेकडे, कडेवरून कानाच्या नळीत आणि नळीतून बाहेर, अशी ती नख वाढतं साधारण त्या वेगानं सरकत असते आणि जाताना मेलेल्या पेशी आणि मळ सोबत घेऊन जाते. पडद्यावर शाईचा ठिपका ठेवून तो दिवसेंदिवस कुठे जातो हे संशोधकांनी पाहिलेलं आहे. निरोगी कान आतून स्वतःच साफ होतो तो असा. कापसाच्या काड्या घालणारे लोक हा मळ उलट्या दिशेने ढकलून पडद्यावर ठासून बसवतात, तो राग वेगळा.

आता पार्स फ्लॅसिडा आत ओढली गेली, की तिच्याबरोबर तिची त्वचाही आत जाते. खळगा उथळ असेल, तोंड रुंद असेल, तर त्वचा खळग्यातून चालत बाहेर येते, कचरा साठत नाही आणि माणूस आयुष्यभर तसाच राहू शकतो. बहुतेकांचं असंच होतं, हे आवर्जून सांगतो. पण खळगा खोल होत गेला, तोंड अरुंद राहिलं, आत वळणं पडली, की त्वचेची वाट चुकते. मेलेल्या पेशी आतच पडून राहतात, थरावर थर साठतात, भिजतात, कुजतात. त्यात जंतू वाढतात. पिशवी फुगत जाते आणि पोटमाळ्यात, ऐरणीभोवती, मागच्या हाडाच्या पोकळ्यांमध्ये शिरते. याला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. हे नाव १८३८ मध्ये योहानेस म्युलर यांनी दिलं आणि ते दोन्हीकडून चुकीचं आहे: त्यात कोलेस्टेरॉल हा मुख्य घटक नसतो आणि ती गाठही नसते. ती फक्त चुकीच्या जागी गेलेली त्वचा असते. रुग्णांना मी तसंच सांगतो, कारण नावाच्या शेवटी 'ओमा', म्हणजे गाठ, ऐकलं की लोक कॅन्सरच्या धास्तीनं खचतात.

कॅन्सर नसला तरी ती निरुपद्रवी नाही. साठलेल्या कचऱ्याचा दाब, जंतूंचा दाह आणि त्या दाहातून चेतवल्या गेलेल्या हाड खाणाऱ्या पेशी, असं सगळं मिळून शेजारचं हाड पोखरलं जातं. आणि शेजार फार नाजूक आहे. पोटमाळ्याचं छत म्हणजे हाडाचा पातळ पापुद्रा, त्याच्या वर मेंदूचं आवरण. आतल्या भिंतीत चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस हाडाच्या बारीक नळीतून जाते, आणि कित्येक माणसांत त्या नळीचं हाड एखाद्या ठिकाणी जन्मापासूनच अपुरं असतं. तिच्याच लगत तोल सांभाळणारी अर्धवर्तुळाकार नलिका. म्हणून दुर्लक्षित कोलेस्टिॲटोमातून चेहरा वाकडा होणं, चक्कर, मेंदूज्वर, मेंदूत पू होणं इथपर्यंत मजल जाऊ शकते. हे तुमचं होणार आहे असं अजिबात नाही. पण तुमच्या पडद्यावरचा खळगा आणि ही यादी यांच्यामध्ये उभी आहे ती एकच गोष्ट: त्वचा त्या खळग्यातून अजून बाहेर येते आहे की नाही. दर सहा महिन्यांनी डॉक्टर तेच पाहतात.

दुर्बिणीतून पाहताना आम्ही खळग्याची प्रतवारी करतो. नुसती खळी पडलीय आणि मागे हवा आहे, ही पहिली पायरी. खळगा हातोडीच्या मानेला जाऊन टेकला, ही दुसरी. पोटमाळ्याच्या बाहेरच्या भिंतीचं हाड थोडं झिजलंय, पण तळ अजून दिसतो, ही तिसरी. आणि हाड बरंच गेलंय, तळ दिसत नाही, ही चौथी. पहिल्या दोन पायऱ्यांवर मी सहसा हात लावत नाही. तिसरीवर कान कोरडा आणि खळगा स्वच्छ राहतो का ते बारकाईनं बघतो. चौथीवर रुग्णाशी ऑपरेशनचं बोलणं सुरू करतो. सगळेच सर्जन याच रेषा ओढतील असं नाही. काही जण आधी हात घालतात, काही जास्त थांबतात, आणि दोन्हीकडे कारणं आहेत.

पडद्यावर आणखी एक कच्ची जागा आहे, तिचा उल्लेख न करणं अन्यायाचं होईल. पार्स टेन्साचा मागचा-वरचा चतुर्थांश. इथे मधला थर आहे, पण विरळ. त्यामागे ऐरणीची लांब तंगडी आणि रिकीब असते. पडदा इथे ओढला गेला, की तो ऐरणीच्या टोकावर पातळ प्लॅस्टिकसारखा चिकटतो. त्या टोकाचा रक्तपुरवठा मुळात तुटपुंजा, त्यामुळे ते झिजून जातं आणि साखळी तुटते. गंमत अशी, की कधी कधी पडदा पुढे सरकून थेट रिकिबीच्या डोक्यावर बसतो आणि माणसाला बऱ्यापैकी ऐकू येतं. निसर्गानं केलेली ही शस्त्रक्रिया आम्ही मोडायला जात नाही. पण साखळी तुटली आणि पडदा मात्र शाबूत राहिला, तर ऐकण्यात ६० डेसिबलपर्यंत घट येऊ शकते. बारीक छिद्रानं होते त्यापेक्षा खूपच जास्त. म्हणजे 'पडदा शाबूत आहे' हे वाक्य नेहमीच चांगली बातमी नसतं.

याउलट छिद्राकडे पाहा. तीव्र संसर्गात मध्यकर्णात पू साठतो, पडदा लालबुंद होऊन बाहेर फुगतो, मूल रात्रभर कळवळतं. पहाटे कान फुटतो, उशी ओली होते आणि दुखणं जादूनं थांबतं. पालक घाबरलेले असतात ते वाहणारा पू पाहून, पण खरं तर आग तेव्हा विझलेली असते. असं छिद्र बहुधा पार्स टेन्सामध्ये पडतं आणि बहुतांश वेळा काही आठवड्यांत आपोआप बुजतं. बुजताना बाहेरची त्वचा आणि आतलं अस्तर भराभर पुढे येऊन मिळतात. मधला तंतूंचा थर मात्र मागे राहतो आणि बऱ्याचदा तिथे परत येतच नाही. म्हणून बुजलेलं छिद्र दुर्बिणीतून काचेच्या खिडकीसारखं पातळ, पारदर्शक दिसतं. तीन थरांची दोन थरांची झालेली ही जागा पुढच्या प्रत्येक सर्दीत झोळ धरायला तयार असते. लहानपणी वारंवार कान फुटलेल्यांना मोठेपणी पडदा ओढला जाण्याचा त्रास होतो, त्यामागचं एक कारण हे. शेजारी कधी खडूसारखे पांढरे ठिपकेही दिसतात. तंतूंच्या थरात चुना साठलेला असतो. ते दिसायला भयंकर, पण बहुतेकांचं काही बिघडवत नाहीत.

छिद्र राहिलंच, आणि ते मध्यभागी असलं, चारही बाजूंनी पडद्याची कड शिल्लक असली, तर कान वाहील, ऐकायला थोडं कमी येईल, पोहताना पाणी जाऊ द्यायचं नाही, एवढंच. माणूस त्यासह वर्षानुवर्षं राहू शकतो. लंडनचे सर्जन अ‍ॅस्टली कूपर यांनी १८०० साली रॉयल सोसायटीपुढे एका वैद्यकीय विद्यार्थ्याची हकीकत मांडली होती. त्याचा एका कानाचा पडदा पूर्ण नष्ट झालेला, दुसऱ्याचा बहुतांश, आणि तरी तो नेहमीच्या संभाषणात नीट भाग घेई. त्यावरून पुढच्याच वर्षी कूपर यांनी नळी बंद पडलेल्या कानांमध्ये मुद्दाम पडद्याला छिद्र पाडून पाहिलं. आज ग्रॉमेट नावाची इवलीशी नळी पडद्यात बसवतो ती याच विचाराची वंशज; सध्याच्या रूपातली प्लॅस्टिकची नळी १९५४ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी आणली. ती बसवतानाही पडद्याचा भूगोल पाळावा लागतो. चिरा नेहमी खालच्या भागात देतो, मागच्या-वरच्या भागात कधीच नाही. तिथे पडद्यामागे ऐरण आणि रिकीब आहे, आणि चवीची एक बारीक नस पडद्याच्या मागून आडवी जाते.

पूर्वी आम्ही मधल्या छिद्राच्या आजाराला 'सुरक्षित' आणि पोटमाळ्याच्या आजाराला 'असुरक्षित' म्हणायचो. आता ही नावं मागे पडली, आणि बरंच झालं, कारण सुरक्षित म्हटलेल्या कानातूनही क्वचित गुंतागुंत होते. पण मोठं छिद्र दिसायला भीतीदायक आणि वागायला बरं, वरची छोटी खपली दिसायला क्षुल्लक आणि वागायला वाईट, हा अनुभव काही बदललेला नाही.

तुमची श्रवणचाचणी जवळपास नॉर्मल आहे, त्याचा आनंद माना, पण तिच्यावर विसंबू नका. कोलेस्टिॲटोमा झालेल्या काही रुग्णांमध्ये ऐरण खाल्ली गेलेली असते आणि तिच्या जागी ती कचऱ्याची पिशवीच पडद्याकडून रिकिबीकडे आवाज पोचवत असते. अशा माणसाला चांगलं ऐकू येतं. ऑपरेशन करून पिशवी काढली, की ऐकणं उलट कमी होतं, आणि आधी हे सांगितलेलं नसेल तर रुग्ण डॉक्टरला दोष देतो. दुखण्याचंही तसंच. हा आजार सहसा दुखत नाही, म्हणून तर उशीर होतो.

मग तुमच्या हातात काय आहे? नाक. कान दाखवायला आलेल्या माणसाच्या नाकाकडे आम्ही इतका वेळ का बघतो, हे आता लक्षात आलं असेल. ॲलर्जी असेल तर तिचा नीट इलाज करा. धूम्रपान करत असाल तर नळीच्या अस्तराला त्याचा त्रास होतोच, आणि घरातल्या लहान मुलांच्या कानांनाही. नाक जोरात वर ओढायची सवय असेल तर ती सोडा. प्रत्येक झटक्यात मध्यकर्णातली हवा बाहेर खेचली जाते आणि काही लोकांत पडदा ओढला जायला हीच सवय पुरेशी ठरते. नाक धरून, तोंड मिटून, हलकेच कानात हवा भरणं चालेल, पण सर्दी असताना नको आणि जोर लावून तर कधीच नको. यानं तुमचा वरचा खळगा बाहेर येईल, असं आश्वासन मी देणार नाही. तो बहुधा येत नाही. खालचा भाग तरी वाचतो.

कानात काहीही ओतू नका. कान वाहत नसताना थेंबांची गरज नाही, आणि वाहू लागला तर कुठले थेंब हे तपासूनच ठरवायचं असतं, कारण काही जुनी प्रतिजैविकं मध्यकर्णात पोचली तर अंतर्कर्णाला इजा करू शकतात. पिचकारीनं कान धुणारा कोणी भेटला, तर त्याला आधी तुमचा अहवाल दाखवा.

सहा महिने थांबायचं नाही अशा गोष्टी मोजक्याच आहेत. कानातून थोडाच, पण घाण वास येणारा स्राव येऊ लागणं. वास हा यातला शब्द महत्त्वाचा. सर्दीबरोबर येणारा भरपूर, चिकट, वास नसलेला स्राव वेगळा. रक्त दिसणं. ऐकणं झपाट्यानं कमी होणं. कानावर दाब दिला किंवा मोठा आवाज झाला की चक्कर येणं. चेहऱ्याची एक बाजू ढिली पडणं, कानामागे सूज, तापासोबत तीव्र डोकेदुखी, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि एक वेगळी सूचना, तुमच्या वयाच्या पुढच्या माणसांसाठी जास्त: मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी साठलं आणि ते हटत नसेल, तर नाकाच्या मागची जागा दुर्बिणीनं पाहिल्याशिवाय कोणी गोळ्या देऊन पाठवलं तर ऐकू नका. तिथे क्वचित गाठ निघते.

ऑपरेशनची वेळ आलीच, तर तत्त्व साधं आहे: पिशवी मुळासकट काढायची आणि पोखरलेली भिंत पुन्हा उभी करायची. ती बांधायला आम्ही तुमच्याच कानाच्या कूर्चेचा पातळ काप वापरतो. साध्या छिद्राला स्नायूवरचं पातळ आवरण पुरतं, पण ओढल्या जाणाऱ्या जागी ते पुन्हा ओढलं जातं. कूर्चा तग धरते. थोडक्यात, जो मधला थर तिथे कधी नव्हता, तो उसना आणून बसवायचा. आजार परत येऊ शकतो, म्हणून नंतर काही वर्षं तपासण्या असतात. पूर्वी वर्षभरानं कान पुन्हा उघडून बघावाच लागे. आता एमआरआयच्या एका खास पद्धतीनं ३ मिलिमीटरच्या आसपासचा अवशेषही ओळखता येतो, त्यामुळे बऱ्याच जणांची दुसरी शस्त्रक्रिया टळते.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायचा प्रश्न एकच: 'खळग्याचा तळ पूर्ण दिसतोय का?' त्यांना दुर्बिणीतून फोटो काढून ठेवायला सांगा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. सहा महिन्यांपूर्वी खळगा किती खोल होता हे कोणाच्याही आठवणीत नीट राहत नाही, माझ्याही नाही. दोन फोटो शेजारी ठेवले, की वाद उरत नाही. खपली असेल तर ती अलगद काढून खाली बघायला सांगा, नुसती मळ म्हणून सोडू देऊ नका. आणि खुर्चीवरून उठण्याआधी डावा कानही दाखवा. त्याची तक्रार नसली तरी चालेल. नळीचा दोष बऱ्याचदा दोन्हीकडे असतो आणि गप्प बसलेल्या कानातही वरची खळी सापडते.